दुकानात खाऊन दाखवत नाही, तो मासा घरी आणू नका

मेयर्स बटरफ्लाय हा मासा मुंबईतल्या कुठल्याही घरात फार दिवस जगत नाही, तरी तो मुंबईत विकला जातो. निळसर पांढरं अंग, त्यावर वळत गेलेले काळे पट्टे, परांना पिवळी किनार. काचेमागे तो उभा असला की बघणाऱ्याची नजर दुसऱ्या कुठल्या माशावर ठरत नाही. गिऱ्हाईक तो घेतं, घरी नेतं, टाकीत सोडतं. मासा सगळीकडे फिरतो, दगड टोचून बघतो, काचेला तोंड लावतो. वरून टाकलेलं खाद्य त्याच्या डोळ्यांसमोरून तळाला जातं आणि तो वळूनही बघत नाही. काही आठवड्यांत तो मरतो. घेणाऱ्याला वाटतं, आपलं पाणी बिघडलं असेल. तो पाण्याच्या चार चाचण्या करतो, फिल्टर बदलतो आणि पुन्हा तसाच मासा आणतो.

पाणी बिघडलेलं नसतं. त्या माशाचं अन्न त्या टाकीत नसतं, आणि पुढेही कधी असणार नाही. माझं म्हणणं साधं आहे. ज्या माशाला आपण जेवू घालू शकत नाही, तो दुकानाने विकायला ठेवू नये. ठेवलाच, तर गिऱ्हाइकाने घेऊ नये.

ठाणे-मुंबईतल्या घरांमधल्या आणि दवाखान्यांमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणं हा माझा धंदा आहे. दर आठवड्याला पाणी बदलायचं, पाण्यातली घाण फेसातून काढणाऱ्या स्किमरचा कप धुवायचा, क्षार मोजायचे, पंप उघडून साफ करायचे, आणि रात्री कुणाचा फोन आला की उठून जायचं. या छंदावर माझं घर चालतं आणि माझा जीवही त्यात आहे. लोकांनी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवूच नये असं मला बिलकूल वाटत नाही. पण बटरफ्लाय माशांच्या बाबतीत जे चाललंय ते मी जवळून बघतो, आणि त्याबद्दल गप्प बसणं मला पटत नाही.

मुलुंडला माझ्या एका गिऱ्हाइकाकडे आजोबांनी नातीच्या वाढदिवसाला शेव्हरॉन बटरफ्लायची जोडी आणली. पांढऱ्या अंगावर बाणाच्या टोकासारख्या बारीक रेषा आणि शेपटी काळी. दुकानात त्यांना सांगितलं होतं, ‘दोन दिवसांत खायला लागतील, काका.’ मी गेलो तोवर त्या घरात सगळे उपाय करून झाले होते. गोळी-खाद्य, मायसिस म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जिवांचं गोठवलेलं खाद्य, तसंच लसूण लावलेलं आर्टेमिया, बारीक चिरलेली कोळंबी. मासे कशालाही तोंड लावत नव्हते. पण टाकीत शोभेसाठी रेझिनचं नकली प्रवाळ ठेवलेलं होतं, आणि दोघेही दिवसभर ते टोचत होते. एकाच जागी, पुन्हा पुन्हा. नात मला म्हणाली, ‘दादा, त्यांना भूक लागलीय, पण त्यांना ते खोटं आहे हे कळत नाहीये.’ इतकं नेमकं निदान मला कुणा मोठ्या माणसाकडून ऐकायला मिळालेलं नाही. एक मासा आधी गेला, दुसरा त्याच आठवड्यात.

शेव्हरॉनची गोष्ट अशी, की तो समुद्रातही जवळजवळ एकाच प्रकारच्या अन्नावर जगतो. अॅक्रोपोरा नावाचं प्रवाळ असतं, त्यातल्या पसरट थरांनी वाढणाऱ्या जातीवर त्याचा सगळा भर. जेवढं एक प्रवाळ पसरलेलं असेल तेवढा त्याचा मुलूख. तिथे तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत चरतो आणि दुसरा प्रवाळखाऊ मासा आला की त्याला हाकलून लावतो. या सगळ्या कुळाचे दात टूथब्रशच्या केसांसारखे बारीक आणि दाट असतात. प्रवाळाचा कठीण सांगाडा न फोडता ते वरचे मऊ जीव, म्हणजे पॉलिप आणि त्यांच्यावरचा चिकट थर, अलगद ओरबाडून घेतात. प्रवाळ बहुतेक वेळा त्यातून सावरतं. हजारो वर्षं हे असंच चाललंय.

बटरफ्लाय माशांच्या जाती साधारण १३० आहेत, आणि सगळ्या अशा हट्टी नाहीत. काही प्रवाळाबरोबर किडे, छोटे कोळंबीवर्गीय जीव, शेवाळ असं मिळेल ते खातात. काही प्रवाळाकडे फारसे वळतच नाहीत. पण मेयर्स, ऑर्नेट, शेव्हरॉन, बॅरोनेसा, बेनेट्स, आठ पट्ट्यांचा ऑक्टोफॅशिएटस हे सगळे जिवंत प्रवाळाशिवाय राहू शकत नाहीत. जगात कुठे एखाद्या कसबी माणसाने त्यातला एखादा वर्षभर जगवला असेल. म्हणून तो ठाण्याच्या दोन बेडरूमच्या घरात जगेल असं म्हणणं ही फसवणूक आहे.

आता जिवंत प्रवाळ कुठून आणायचं? आपल्याकडे २००१ साली खडक बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतली गेली. त्याच अनुसूचीत वाघ आहे. आपल्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा काढणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे, तो तुकडा मेलेला असला तरी. परदेशात टाकीत वाढवलेल्या प्रवाळाचे बोटभर तुकडे हजारो रुपयांना मिळतात, आणि एक भुकेला शेव्हरॉन तसा तुकडा एका दुपारीत सोलून काढील. म्हणजे ज्या अन्नाला कायद्याने हात लावता येत नाही, केवळ त्याच अन्नावर जगणारा मासा मात्र पिशवीत घालून खुशाल विकता येतो. कायद्यातली ही फट कुणी मुद्दाम ठेवलेली नाही, पण रोज मासे मरतात ते या फटीतून.

हे मासे समुद्रात कसे राहतात ते एकदा तरी बघावं. अंदमानात स्वराज द्वीपाजवळ मी पाण्याखाली उतरलो तेव्हा सगळ्यात आधी डोळ्यांत भरल्या त्या जोड्या. बटरफ्लायच्या पुष्कळ जातींत नर आणि मादी जोडीने हिंडतात, आणि तीच जोडी वर्षानुवर्षं त्याच खडकावर दिसते. एक वळला की दुसरा वळतो. एक प्रवाळाच्या आड गेला, तर दुसरा जरा वर येऊन त्याला शोधतो. लाल शेपटीचे कॉलारे बटरफ्लाय मात्र तिथे घोळक्याने उभे होते. बहुतेकांच्या डोळ्यावरून एक काळा पट्टा जातो, खरा डोळा लपवायला. काहींच्या शेपटीजवळ काळा ठिपका असतो, म्हणजे हल्ला करणाऱ्याला तिथे डोळा आहे असं वाटावं आणि मासा उलट्या दिशेने निसटावा. रात्री झोपताना त्यांचे रंग बदलून मळकट होतात. दुकानात या जोड्या क्वचितच एकत्र येतात. एक मासा मुंबईला येतो, दुसरा दुबईला जातो.

ते दुकानापर्यंत कसे पोचतात हेही गिऱ्हाइकाला माहीत असायला हवं. क्लाउनफिश आता सर्रास हॅचरीत वाढवलेले मिळतात. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांची पैदास होते, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. बटरफ्लायचं तसं नाही. त्यांची अंडी पाण्यात सुटी तरंगतात, पिल्लांच्या डोक्यावर हाडाच्या पट्ट्यांचं कवच येतं आणि ती कित्येक आठवडे भर समुद्रात वाहत राहतात. एवढा काळ त्यांना टाकीत खाऊ घालून जगवणं परदेशातल्या प्रयोगशाळांना मोजक्याच जातींत जमलंय. तेव्हा दुकानात दिसणारा बटरफ्लाय जवळजवळ नेहमीच समुद्रातून पकडलेला असतो.

आणि पकडण्याची रीत नेहमी जाळ्याचीच असते असंही नाही. १९६० च्या दशकात फिलिपिन्समध्ये शोभेचे मासे पकडण्यासाठी सोडियम सायनाइड वापरायला सुरुवात झाली आणि पुढे ते लोण इंडोनेशियात गेलं. पाणबुड्या प्लास्टिकच्या बाटलीतून विषाचं पाणी प्रवाळाच्या फटीत मारतो. आत लपलेला मासा गुंगतो, हाताने उचलता येतो. ज्या प्रवाळावर ते पाणी पडतं ते पांढरं पडतं आणि पुष्कळदा मरतं. मासा शुद्धीवर येतो आणि वरून धडधाकट दिसतो. कायद्याने बंदी असूनही हे पूर्ण थांबलेलं नाही, आणि दुकानातल्या माशाकडे नुसतं बघून तो जाळ्याने पकडला की विषाने, हे मला ओळखता येत नाही. दुकानदारालाही येत नाही. त्यानंतर मासा पकडणाऱ्याच्या कुंडीत राहतो, मग निर्यातदाराच्या टाकीत. पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून प्रवासाआधी त्याला उपाशी ठेवतात. विमानाने तो मुंबईला उतरतो तोवर कित्येक दिवस त्याच्या पोटात काही गेलेलं नसतं. सगळं खाणाऱ्या माशालाही हे जड जातं. जो एकच अन्न ओळखतो, त्याने काय करावं?

दुकानदाराची बाजू मला ठाऊक आहे, कारण माझे अर्धे मित्र दुकानदार आहेत. निर्यातदाराच्या यादीत पुष्कळदा ‘मिश्र बटरफ्लाय’ असं एकच नाव असतं. खोका उघडल्यावर कळतं की आत सहज खाणारे दोन ऑरिगा आहेत, एक रकून आहे आणि केवळ प्रवाळ खाणारे तीन ऑर्नेट. तीन ऑर्नेटचे पैसे गेले आणि भाडंही गेलं. ते फेकून देणार कसे? म्हणून ते काचेमागे जातात, आणि मरण्याआधी विकले जावेत एवढीच घाई असते. मेला तर तो गिऱ्हाइकाच्या घरी मरावा. हा हिशेब मला समजतो, पण मान्य नाही. गिऱ्हाईक घेतं म्हणूनच निर्यातदार ऑर्नेट पाठवतो. मुंबईने दोन मोसम ऑर्नेट घेतला नाही तर खोक्यात ऑर्नेट येणं बंद होईल. व्यापाराला एवढी अक्कल नेहमीच असते.

मग बटरफ्लाय पाळायचेच नाहीत का? पाळावेत, आणि चांगले पाळावेत. ऑरिगा घ्या. पांढऱ्या अंगावर काटकोनात भेटणाऱ्या तिरप्या रेषा, मागचा भाग पिवळा, पाठीच्या परातून निघालेला एक लांब दोरा. समजूतदार मासा आहे. चार दिवस बिचकतो आणि मग मायसिस, कोळंबी, तिसऱ्या, काहीही खातो. या ऑरिगाचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा केलं ते पीटर फोर्सकोल यांनी, तांबड्या समुद्रातल्या माशावरून. ते डॅनिश मोहिमेबरोबर अरबस्तानात गेले आणि १७६३ साली येमेनमध्ये तापाने वारले. त्यांचे कागद सांभाळून १७७५ मध्ये प्रसिद्ध केले ते सोबती कार्स्टन नीबूर यांनी. हेच नीबूर येमेनमधून निघून मुंबईला आले, वर्षाहून जास्त काळ इथे राहिले आणि घारापुरीच्या लेण्यांची मोजमापं घेऊन चित्रं काढून गेले. फोर्सकोल यांनी मासे कातडं सपाट करून, वाळवून, वनस्पतींचे नमुने ठेवतात तसे कागदावर ठेवले होते, आणि ते कोपनहेगनच्या संग्रहालयात आजही आहेत. तांबड्या समुद्रातल्या मोठ्या ऑरिगाला शेपटीकडचा काळा ठिपका नसतो. आपल्याकडे येणाऱ्यांना असतो. मी कुणाच्या घरी ऑरिगा सोडतो तेव्हा ही हकिगत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

रकूनही चांगला. रात्री जरा जास्त हिंडतो आणि टाकीत आयप्टेशिया नावाचं उपद्रवी समुद्रफूल माजलं असेल तर ते खाऊन टाकतो. हेनिओकस, म्हणजे उंच पांढऱ्या दोऱ्याचा बॅनरफिश, हाही टिकाऊ. त्याच्यासारखाच दिसणारा मूरिश आयडॉल मात्र बटरफ्लाय नव्हे आणि तो घरात टिकत नाही. दुकानात नाव नीट विचारून घ्या.

कॉपरबँडबद्दल मला जरा थांबून बोलायचंय, कारण मुंबईत सगळ्यात जास्त विकला जाणारा आणि सगळ्यात जास्त उपाशी मरणारा बटरफ्लाय बहुधा हाच आहे. पांढऱ्यावर नारिंगी-तपकिरी उभे पट्टे आणि लांब चिमट्यासारखं तोंड. दगडांच्या फटीतले किडे वेचून खायला ते तोंड घडलंय. आयप्टेशियावर औषध म्हणून लोक त्याला घेतात, आणि आयप्टेशिया संपलं की त्याच्यापुढे काही उरत नाही. पण तो प्रवाळाला बांधलेला नाही. त्याला शिकवता येतं. फक्त त्यासाठी माणसाला वेळ काढावा लागतो.

माझी रीत सांगतो. सकाळी बाजारात कोळीण मावशीकडून जिवंत तिसऱ्या घ्यायच्या. मावशीला आता सवय झालीय, ती स्वतःच विचारते, ‘तुमच्या मास्यासाठी का जेवणासाठी?’ आणि माशासाठी म्हटलं की लहान लहान निवडून देते. तोंड घट्ट मिटलेल्याच घ्यायच्या, आणि गटारखाडीच्या जवळच्या असल्या तर घ्यायच्याच नाहीत. घरी आणून टाकीच्याच क्षारतेच्या पाण्यात काही तास ठेवायच्या, म्हणजे पोटातली वाळू टाकतात. मग सुरीने उघडून अर्धी शिंपली मांसासकट दोन दगडांच्या मध्ये रोवायची. वरून तरंगत येणारं अन्न कॉपरबँडला अन्न वाटत नाही. फटीत अडकलेलं मात्र वाटतं. तो येतो, एका डोळ्याने बघतो, मागे सरतो, पुन्हा येतो. पहिल्यांदा टोचतो तेव्हा घरातले सगळे काचेला चिकटलेले असतात.

एकदा तो शिंपलीतलं खायला लागला की त्याच शिंपलीत तिसऱ्यांच्या मांसाबरोबर थोडं मायसिस भरायचं. पुढे मांस कमी, मायसिस जास्त. मग शिंपलीच्या बाहेर पडलेलं मायसिस तो वेचतो, आणि शेवटी पाण्यात तरंगणारंही पकडतो. याला कधी आठवडा लागतो, कधी महिना. न खाल्लेलं मांस दोन-तीन तासांत काढून टाकायचं, नाहीतर पाण्यात अमोनिया वाढतो. पावसाळ्यात मनासारख्या तिसऱ्या मिळत नाहीत, म्हणून मी मे महिन्यातच सोलून, छोट्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवतो. आणि खायला शिकलेल्या माशालाही दिवसातून एकदा भरपूर घालून भागत नाही. समुद्रात तो दिवसभर वेचत असतो. थोडं थोडं, दिवसातून चार वेळा तरी द्यावं लागतं. नवरा-बायको दोघंही सकाळी आठची लोकल पकडून रात्री नऊला येत असतील तर त्या घरात कॉपरबँड नको. हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, धंदा बुडाला तरी चालेल.

बाकीची तयारी थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्याच समुद्री माशांना लागते. चारशे लिटरच्या खाली बटरफ्लायचा विचार करू नये. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ लागतं, तेही टाकीसाठी बनवलेलं मीठ, घरातलं नव्हे आणि चौपाटीचं पाणी तर मुळीच नव्हे. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं म्हटलं तर ४५० लिटरच्या टाकीला दर वेळी दीड किलोच्या वर मीठ गेलं. पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं, आणि मुंबईच्या मे महिन्यात ते चिलरशिवाय जमत नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यात वीज गेली तर रात्रीत सगळं संपतं, म्हणून निदान हवेचा पंप इन्व्हर्टरवर हवा. नवीन टाकीत बटरफ्लाय सोडायचा नाही, टाकी निदान सहा महिने मुरू द्यायची. नवा मासा आधी चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा आणि व्हेल्वेट नावाचा, हे दोन्ही रोग बटरफ्लायला पटकन धरतात.

२०१७ साली केंद्राने मत्स्यालयं आणि शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी नियम काढले होते. त्यात १५८ जातींच्या विक्रीवर बंदी होती आणि बटरफ्लायही त्यात होते. पुढे ते नियम मागे घेतले गेले. मागे घेतले ते योग्यच झालं असं मला वाटतं. त्या यादीने जगणारा मासा आणि न जगणारा मासा असा फरकच केला नव्हता. ऑरिगा आणि मेयर्स एकाच गोणीत. अशा बंदीने मासे वाचत नाहीत. धंदा दुकानाच्या मागच्या खोलीत जातो आणि मग कुणाला काही विचारताही येत नाही. पण ते नियम गेल्यावर त्यांच्या जागी काहीच आलं नाही, हेही तितकंच वाईट झालं.

मला छोटी यादी हवी आहे. केवळ प्रवाळावर जगणाऱ्या दहा-पंधरा जाती, शास्त्रीय नावांसकट आणि छायाचित्रांसकट. त्यांची घरगुती टाकीसाठी आयात आणि विक्री बंद करावी. प्रवाळ वाढवणाऱ्या संशोधन केंद्रांना किंवा मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांना हवे असतील तर परवाना द्यावा. बाकीच्या बटरफ्लायना दुकानाने विकण्याआधी निदान दोन आठवडे ठेवून, खायला लावून मगच विकावं. बिलावर जातीचं नाव लिहावं. यात सरकारला मोठी यंत्रणा उभी करावी लागत नाही. विमानतळावर खोकी उघडून बघणारा एक जाणकार माणूस आणि भिंतीवर लावलेला एक तक्ता, एवढं पुरतं. आणि ही मागणी आमच्या धंद्यातल्या लोकांनीच आधी करायला हवी. बाहेरच्यांनी केली तर पुन्हा १५८ ची यादी येईल.

एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. आपण पापलेट खातो, सुरमई खातो, मग एका शोभेच्या माशाचं एवढं काय? मीही पापलेट खातो. पण पापलेट मारला तो खाण्यासाठी. मेयर्स विकत घेतला तो जगवण्यासाठी, आणि तो हळूहळू, सगळ्या घरासमोर उपाशी मरतो. आधी पोट खपाटीला जातं, मग डोक्यामागची पाठ झिजते. पाठ झिजली की मग त्याने खायला सुरुवात केली तरी तो सहसा परतत नाही. यातून कुणाचं पोट भरत नाही आणि कुणाला आनंदही होत नाही. त्या मुलुंडच्या घरातली नात पुढे कित्येक महिने टाकीकडे फिरकली नाही.

आणि ज्या खडकावरून तो काढला, तिथली परिस्थिती आधीच बिकट आहे. समुद्र तापला की प्रवाळ आपल्या आतलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपची प्रवाळं १९९८ मध्ये अशी पांढरी पडली, २०१० मध्ये पडली, २०१६ मध्ये पडली, आणि २०२४ मध्ये तर जगभर हीच लाट आली. प्रवाळ गेलं की सगळ्यात आधी घटतात ते हेच प्रवाळखाऊ बटरफ्लाय. त्यांच्या संख्येवरून प्रवाळाची तब्येत जोखता येईल असं हवाई विद्यापीठाच्या अर्न्स्ट रीझ यांनी कित्येक दशकांपूर्वी सुचवलं होतं. सॅली कीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपान, फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि ख्रिसमस बेटाच्या १७ प्रवाळखडकांवर ३८ जातींच्या बटरफ्लाय माशांचं वागणं २०१६ मध्ये प्रवाळं पांढरी पडण्याच्या आधी आणि नंतर पाहिलं. त्यांचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. प्रवाळ मेल्यावर या माशांची आपसातली भांडणं दोन तृतीयांशांनी कमी झाली होती. खाण्यासारखं काही उरलं नाही, तर राखायचं काय आणि त्यासाठी भांडायची ताकद तरी कुठून आणायची? तशा खडकावर उरलेली जोडी फोडून तिच्यातला एक मासा ठाण्याला आणायचा, तोही महिनाभरासाठी, हे मला कुठल्याच हिशेबात बसवता येत नाही.

तुमच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर दुकानात गेल्यावर एवढं करा. आवडलेल्या बटरफ्लायचं पूर्ण नाव विचारा, त्याचा फोटो काढा आणि तो काय खातो हे तिथेच फोनवर शोधा. ‘केवळ प्रवाळ’ असं दिसलं तर पुढे जा. नसेल, तर दुकानदाराला तुमच्या समोर त्याला खायला घालायला सांगा आणि घास पोटात जाईपर्यंत उभे राहा. ‘आज सकाळीच खाल्लंय’ असं उत्तर आलं तर ‘मग उद्या सकाळी येतो’ म्हणा, आणि खरंच या. दुसऱ्या दिवशीही त्याने खाल्लं नाही, तर तो घेऊ नका आणि का घेतला नाही ते दुकानदाराला स्पष्ट सांगून या.